मागे राहिलेल्या प्रोसेसला वाली कोण?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून काढला आहे. बोलताना राहून गेलेल्या एकदोन गोष्टी लिहिताना आत घेतल्या आहेत.

आजचा विषय वरवर पाहता अगदी कोरडा आहे: लिनक्स सर्व्हरवर एखादा प्रोग्रॅम कायम चालू कसा ठेवायचा. सर्व्हर म्हणजे ज्याला स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही, माउस नाही, कुठल्यातरी डेटा सेंटरमध्ये किंवा घरात माळ्यावर पडलेलं एक खोकं. आपण एसएसएचने लांबून लॉगिन करतो, प्रोग्रॅम सुरू करतो, तो मस्त चालतो. मग लॅपटॉप मिटतो, आणि सकाळी बघतो तर प्रोग्रॅम बंद. नवीन शिकणाऱ्या प्रत्येकाला हा अनुभव एकदा तरी येतोच.

मग कुणाला विचारलं की उत्तरं मिळतात. एक जण सांगतो, आधी ‘नोहप’ लाव. दुसरा म्हणतो, ‘स्क्रीन’ किंवा ‘टीमक्स’ वापर. तिसरा थोडा वैतागून सांगतो, अरे, ‘सिस्टमडी’ची युनिट फाइल लिही आणि सुटका करून घे. गंमत अशी की तिन्ही उत्तरं चालतात. पण ती तीन वेगवेगळ्या काळांतली उत्तरं आहेत, आणि प्रत्येक काळाने एकाच प्रश्नाचं उत्तर वेगळं दिलं आहे. प्रश्न असा: माणूस निघून गेला की त्याने मागे ठेवलेल्या प्रोग्रॅमची जबाबदारी कोणाची? हा धागा धरून आज साठेक वर्षं मागे जाऊ.

आधी शब्दाचं बघू

पार्श्वभूमीवर गुपचूप चालणाऱ्या प्रोग्रॅमला युनिक्सच्या जगात ‘डेमन’ म्हणतात. सैतान असा अर्थ मनात आला तर तो बाजूला ठेवा. १८६७ साली जेम्स क्लार्क मॅक्सवेल या भौतिकशास्त्रज्ञाने एक काल्पनिक जीव कल्पिला होता. वायूने भरलेल्या डब्याच्या मधल्या दारावर बसून तो वेगवान रेणू एकीकडे आणि मंद रेणू दुसरीकडे सोडतो. पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून प्रसिद्ध झालेल्या विल्यम थॉमसनने या जीवाला डेमन हे नाव दिलं. १९६३च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये, प्रोजेक्ट मॅकच्या आयबीएम ७०९४ या संगणकावर काम करणाऱ्या मंडळींनी हे नाव उचललं. फर्नांडो कॉर्बाटो हे त्या चमूचे प्रमुख. त्यांनी पुढे सांगितलेल्या आठवणीप्रमाणे, त्यांच्याकडचा पहिला डेमन फाइलींच्या प्रती आपोआप टेपवर काढून ठेवायचा. कोणी सांगायला नको, कोणी बघायला नको.

ग्रीकमध्ये हा शब्द मुळात वाईट नव्हता. देव आणि माणूस यांच्या मधली एक अदृश्य शक्ती, कधी पाठीराखी, कधी खोडकर. आपल्याला हे समजायला ग्रीसला जायची गरज नाही. कोकणात आणि गोव्यात वेताळाचं काय आहे? एकीकडे तो भुतांचा राजा, आणि दुसरीकडे गावाचा राखणदार. रात्री गावाभोवती फेरी मारतो म्हणून त्याला वहाणा वाहतात, आणि त्या चालून चालून झिजतात अशी श्रद्धा आहे. दिसत नाही, पण काम चालू असतं. मला डेमन या शब्दाची याहून चांगली फोड अजून सापडलेली नाही.

फोन ठेवला की खेळ संपला

आता १९७० च्या दशकात या. बेल लॅब्जमध्ये युनिक्स नुकतंच जन्माला आलं आहे. संगणक एक, वापरणारे अनेक. बरेच जण टर्मिनल आणि मॉडेम घेऊन टेलिफोनच्या तारेवरून जोडले जायचे. मधेच लाइन तुटली किंवा कोणी रिसीव्हर ठेवला, तर संगणकाने काय करायचं?

उत्तर होतं: त्या माणसाचे प्रोग्रॅम बंद करायचे. यासाठी कर्नल एक सिग्नल पाठवतं, त्याचं नाव ‘सिगहप’. त्यातला ‘हप’ म्हणजे हँगअप, फोन ठेवणं. सिग्नलांच्या यादीत याचा नंबर पहिला आहे. आणि हे काही दुष्टपणाने केलेलं नव्हतं. संगणकाचा वेळ महाग होता, मेमरी तुटपुंजी होती. शिवाय आधीच्या माणसाचं शेल तसंच उघडं राहिलं, तर त्याच लाइनवर फोन करणारा पुढचा माणूस थेट त्याच्या खात्यात जाऊन बसला असता. माणूस गेला की त्याचा पसारा आवरायचा, हा नियम त्या काळात शहाणपणाचा होता.

पण रात्रभर चालणारं एखादं गणित असेल तर? त्यासाठी १९७३च्या चौथ्या आवृत्तीत नोहप ही कमांड आली. तिचं काम अगदी छोटं आहे. ती प्रोग्रॅमला सांगते, हँगअपचा सिग्नल आला तर लक्ष देऊ नकोस. बस, एवढंच. प्रोग्रॅम स्वतःच्या चुकीने कोसळला तर नोहप त्याला उठवत नाही. सर्व्हर रीबूट झाला तर नोहपला त्याची खबरही नसते. तिने मृत्यूची एक नोटीस परत पाठवली, सांभाळ करायची हमी काही दिली नाही.

पुढे मॉडेम गेले. १९९५ साली फिनलंडमध्ये तातू युलोनेन याने एसएसएच लिहिलं, आणि लांबून लॉगिन करायची आजची पद्धत रुळली. तार गेली, फोन गेला, पण नियम तोच राहिला. आज तुमचं वायफाय तुटतं, एसएसएचचं कनेक्शन संपतं, तेव्हा कर्नल शेलला तोच जुना सिग्नल देतं आणि शेल तो आपल्या हाताखालच्या प्रोग्रॅमना पोचवतं. म्हणजे लॅपटॉप मिटल्यावर तुमचा प्रोग्रॅम मेला, तो पन्नास वर्षांपूर्वीच्या टेलिफोनच्या शिष्टाचाराने मेला.

स्क्रीन आणि टीमक्स यांची युक्ती वेगळी. १९८७ साली बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात ऑलिव्हर लाउमान याने स्क्रीन लिहिलं, आणि त्याच वाटेने २००७ मध्ये निकोलस मॅरियटचं टीमक्स आलं. ही दोन्ही सर्व्हरवरच एक खोटं टर्मिनल उभं करतात आणि ते कधीच बंद होऊ देत नाहीत. तुम्ही गेलात, तरी प्रोग्रॅमला वाटतं तुम्ही समोरच बसला आहात. परत येऊन तिथूनच पुढे काम चालू करायला याच्यासारखी सोय नाही. पण लक्षात घ्या, इथेही राखण कोणी करत नाही. फक्त माणूस गेल्याची बातमी लपवलेली आहे.

ठरवून अनाथ होणं

हे झालं माणसांच्या प्रोग्रॅमचं. पण ईमेल पोचवणारे, छपाईची रांग सांभाळणारे, वेळेवर कामं उरकणारे खरेखुरे डेमन कसे चालायचे? हा भाग मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत विलक्षण वाटतो.

युनिक्समध्ये प्रत्येक प्रोसेस दुसऱ्या कुठल्यातरी प्रोसेसच्या पोटी जन्म घेते. ‘फोर्क’ म्हटलं की एकाची दोन होतात, एक आई आणि एक मूल. मूल संपलं की कर्नल आईला कळवतं, कशाने संपलं तेही सांगतं. आणि आई आधी गेली तर? मग ते मूल अनाथ होतं आणि प्रोसेस क्रमांक एक त्याला दत्तक घेते. ही पहिली प्रोसेस म्हणजे ‘इनिट’. मशीन सुरू झाल्यावर कर्नल तिला जन्म देतं आणि मशीन बंद होईपर्यंत ती जगते.

डेमन लिहिणाऱ्यांनी याचा फायदा घेतला. प्रोग्रॅम सुरू झाला की तो फोर्क करायचा आणि आई लगेच मरायची. मूल टर्मिनलशी नातं तोडायचं, नवीन सत्र काढायचं, मग पुन्हा फोर्क, पुन्हा आधीचं मरायचं. उरलेलं नातवंड पूर्ण अनाथ. आता त्याला ना टर्मिनल, ना माणूस, ना हँगअपची भीती. एक पिढी प्रोग्रॅमरांनी ही दुहेरी फोर्कची कृती पाठ केली. (टर्मिनलच नाही म्हटल्यावर सिगहप हा सिग्नल या डेमनांना रिकामाच पडला. मग त्याला दुसरं काम दिलं: हा सिग्नल आला की तुझी कॉन्फिगरेशन फाइल पुन्हा वाच. आजही कितीतरी सर्व्हिसेस तसं करतात.)

पण यात काय गमावलं ते बघा. मूल मेलं हे खात्रीने फक्त आईला कळतं. ती आई तर आपण हाताने मारली. ज्या इनिटने दत्तक घेतलं, तिला हे कोणाचं मूल, कशासाठी होतं, याची काही माहिती नाही. ती फक्त शेवटचे विधी उरकते.

मग आता ईमेलचा डेमन जिवंत आहे का, हे कळणार कसं? त्यासाठी निघाली पीआयडी फाइल. डेमनने सुरू होताना स्वतःचा क्रमांक एका फाइलमध्ये लिहून ठेवायचा. थांबवायचा असेल तर स्क्रिप्ट ती फाइल वाचते आणि त्या क्रमांकाला सिग्नल पाठवते. दिसायला ठीक आहे. पण डेमन अचानक कोसळला तर फाइल पुसणार कोण? कागदावर क्रमांक तसाच. लिनक्सवर हे क्रमांक पूर्वी साधारण ३२,७६८ पर्यंत जाऊन पुन्हा खालून सुरू व्हायचे, त्यामुळे तोच क्रमांक उद्या भलत्याच प्रोसेसला मिळू शकायचा. मग थांबवायला गेलो रामाला आणि गेला शाम. म्हणून मग त्याही वर तपासण्या: प्रोसेसची यादी काढा, नाव शोधा, दर पाच मिनिटांनी क्रॉनमधून बघा. आधी नातं तोडायचं, मग त्या नात्याचा दाखला कागदावर ठेवायचा, आणि मग दाखला खरा की खोटा ते तपासायला माणूस नेमायचा.

आणि यातला खरा विरोधाभास पुढेच आहे. इनिटला राखण करता येत होती! अगदी सुरुवातीपासून टर्मिनलांवर लॉगिनचा प्रॉम्प्ट ठेवणं हे तिचंच काम. कोणी लॉगआउट केलं की ती तिथे नवा प्रॉम्प्ट उभा करायची. सिस्टम व्ही युनिक्सच्या ‘इनिटटॅब’ फाइलमध्ये यासाठी ‘रीस्पॉन’ असा शब्दच होता: मेलं तर पुन्हा जन्माला घाल. लिनक्सवरच्या सिसव्हीइनिटमध्ये एवढी अक्कलही होती की दोन मिनिटांत दहापेक्षा जास्त वेळा काही मरायला लागलं, तर ते पाच मिनिटं थांबायचं. टर्मिनलांना ही माया मिळाली. सर्व्हिसेसच्या नशिबी मात्र स्क्रिप्टा आल्या, ज्या मशीन चालू होताना एकदा धावायच्या आणि विसरून जायच्या.

पुन्हा आईकडे

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात डॅनियल बर्नस्टाइन या गणितज्ञाने हे उलटं फिरवलं. क्यूमेल हा ईमेल सर्व्हर त्याचाच. त्याच्या ‘डेमनटूल्स’मधला ‘सुपरवाइज’ हा छोटा प्रोग्रॅम म्हणतो: मागे जाऊ नकोस, फोर्क करू नकोस, अनाथ होऊ नकोस. माझ्या समोरच साधासुधा चाल. मी तुझी आई आहे, तू पडलास तर कर्नल मला सांगेल आणि मी तुला उठवेन. पीआयडी फाइल नको, कारण क्रमांक आईला माहीतच आहे. लॉगसाठीही वेगळा खटाटोप नको, तू नुसतं बोल, मी ते लिहून घेते. एका फोल्डरमध्ये ‘रन’ नावाची चार ओळींची फाइल, आणि काम झालं. पुढे गेरिट पापे याचं ‘रनिट’ याच विचारावर उभं राहिलं.

विचार मान्य व्हायला वेळ लागला, पण वारा फिरला होता. २००५ मध्ये ॲपलने मॅकवर ‘लाँचडी’ आणलं. २००६ मध्ये उबुंटूने ‘अपस्टार्ट’. आणि ३० एप्रिल २०१० रोजी लेनार्ट पोएटरिंगने एक लांबलचक लेख लिहून सिस्टमडी जगापुढे मांडलं. काय सीव्हर्स हा त्याचा साथीदार. दोघांचाही रोख थेट प्रोसेस क्रमांक एकवर होता.

सिस्टमडीची मेख कर्नलमधल्या ‘सीग्रुप’मध्ये आहे. गूगलच्या अभियंत्यांनी २००६ मध्ये हे काम सुरू केलं आणि जानेवारी २००८ च्या २.६.२४ या कर्नलमध्ये ते आलं. सीग्रुप म्हणजे प्रोसेसच्या गळ्यात अडकवलेलं कुळाचं नाव. कितीही वेळा फोर्क करा, मधल्या आया मारा, कुळाचं नाव सुटत नाही. म्हणजे दुहेरी फोर्क करून पळालेलं नातवंडसुद्धा कुठल्या सर्व्हिसचं आहे, हे आता कळायला लागलं. चाळीस वर्षांपूर्वी फेकून दिलेली माहिती परत मिळाली.

मे २०११ मध्ये फेडोरा १५ ने सिस्टमडी घेतलं आणि मग भांडण पेटलं. विरोध करणारे काही अडाणी नव्हते. त्यांचं म्हणणं असं, की इनिट छोटं असावं कारण ते मेलं तर मशीन मेलं. तुम्ही त्यात लॉग, लॉगिन, नेटवर्क, सगळंच एका प्रकल्पाखाली आणताय. लॉग साध्या मजकुरात नाहीत. हे लिनक्सशिवाय दुसऱ्या कुठल्याच कर्नलवर चालत नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये डेबियनच्या तांत्रिक समितीत मतं समसमान पडली आणि अध्यक्ष बडेल गार्बी यांच्या निर्णायक मताने सिस्टमडी निवडलं गेलं. तीन दिवसांत उबुंटूनेही अपस्टार्ट सोडत असल्याचं जाहीर केलं. पण वर्ष संपेपर्यंत डेबियनच्या त्या समितीतल्या अनेकांनी थकून राजीनामे दिले, आणि काहींनी वेगळी चूल मांडून ‘देवुआन’ काढलं. पगार न घेता वर्षानुवर्षं राबलेली ही माणसं. प्रोसेस क्रमांक एक कोण, यावरून त्यांची मनं तुटली. बाहेरून बघणाऱ्याला हे हास्यास्पद वाटतं. मला वाटत नाही. घराचा कर्ता कोण, यावरूनच घरं फुटतात.

२०१६: प्रश्न उघडपणे विचारला गेला

मे २०१६ मध्ये सिस्टमडीची २३० वी आवृत्ती आली. तिच्यात एका सेटिंगचं मूळ मूल्य बदललं होतं. वापरकर्ता लॉगआउट झाला की त्याच्या मागे राहिलेल्या सगळ्या प्रोसेस मारायच्या. सीग्रुपमुळे आता कोणी निसटत नव्हतं. नोहप लावलेलं असो, स्क्रीन असो, टीमक्स असो, सगळं साफ.

गहजब झाला. पण दोन्ही बाजू ऐका. सिस्टमडीवाले म्हणत होते, माणूस गेल्यावर त्याचं काही मागे राहायचं असेल तर त्याने तसं आधी सांगावं, आणि मशीनच्या मालकाला ते नाकारता यावं. विद्यापीठातल्या शंभर जणांच्या मशीनचा विचार केला तर हे पटतं. दुसरी बाजू म्हणत होती, नोहप लिहिलं तेच आमचं सांगणं होतं. चार दशकांची रीत तुम्ही एका अपडेटमध्ये मोडता, आणि आमचं रात्रभराचं काम मरतं. डेबियनने आणि इतरांनी ते सेटिंग आपल्याकडे पुन्हा जुन्यासारखं केलं.

मला दोघांत समान काय दिसतं ते सांगतो. १९७३ मध्ये प्रोग्रॅमच्या कानात सांगून भागत होतं, की तू ऐकू नकोस. २०१६ मध्ये पहिल्यांदा उघड म्हटलं गेलं, की मागे राहायची परवानगी कर्त्याकडून घ्यावी लागेल. त्या परवानगीला सिस्टमडीत ‘लिंगर’ म्हणतात, म्हणजे रेंगाळणं. रूट अधिकार नसलेला माणूसही स्वतःच्या नावाची सर्व्हिस लिहून, लिंगर चालू करून, लॉगआउटनंतर ती जिवंत ठेवू शकतो. उत्तर तिथे होतंच. भांडण होतं ते रीतीचं.

मग आज काय करायचं?

माझा हिशेब सोपा आहे. जे काम कधीतरी आपसूक संपणार आहे, त्याला नोहप पुरे. जिथे तुम्ही स्वतः परत येऊन बसणार आहात, तिथे टीमक्स. आणि जे तुमच्याशिवाय चालायला हवं, त्याला युनिट फाइल. ती लिहिताना प्रोग्रॅमला मागे पाठवू नका, पुढेच चालू द्या. कोणत्या वापरकर्त्याच्या नावाने चालणार ते लिहा, रूट नकोच. पडल्यावर उठवायचं असेल तर ‘रीस्टार्ट’ची ओळ घाला. आणि ‘स्टार्ट’ केल्यावर ‘इनेबल’ही करा. स्टार्ट म्हणजे आत्ता चालव, इनेबल म्हणजे प्रत्येक बूटनंतर चालव. दुसरं राहिलं की महिन्याभराने वीज जाते आणि सर्व्हिस परत येत नाही.

उठवण्यालाही मर्यादा आहे, हे जुन्या इनिटला माहीत होतं तसं सिस्टमडीलाही माहीत आहे. मूळ सेटिंगप्रमाणे दहा सेकंदांत पाच वेळा सुरू करूनही सर्व्हिस पडलीच, तर ते हात टेकतं आणि सर्व्हिसवर ‘फेल्ड’ असा शिक्का मारतं. ती मर्यादा घाईने काढून टाकू नका. सारखा पडणारा आणि सारखा उठणारा प्रोग्रॅम दुरून निरोगी दिसतो.

आणि जिवंत असणं म्हणजे काम करत असणं नव्हे. डेटाबेसचं कनेक्शन अडकून पडलेली प्रोसेस यादीत ठणठणीत दिसते. म्हणून सिस्टमडीत वॉचडॉग आहे: प्रोग्रॅमने ठरावीक वेळाने ‘मी आहे’ अशी हाक द्यायची, हाक चुकली तर त्याला मारून पुन्हा उठवायचं. कंटेनरच्या जगातही, २०१३ मध्ये डॉकर आल्यापासून, हीच गोष्ट पुन्हा घडली. प्रत्येक कंटेनरच्या आत प्रोसेस क्रमांक एक असते, आणि अनाथांना सांभाळायला न शिकलेला तुमचा साधा प्रोग्रॅम तिथे अचानक कर्ता होऊन बसतो. त्यासाठी डॉकरला पुन्हा एक छोटं इनिट आत घालायची सोय करावी लागली.

एक शेवटचं. मी जिथे जिथे जुने सर्व्हर बघितले, तिथे सगळ्यांत अवघड सापडायची ती नोकरी सोडून गेलेल्या कोणाच्या तरी स्क्रीनमध्ये चालणारी प्रोसेस. काहीतरी महत्त्वाचं करते एवढं सगळ्यांना माहीत, काय करते ते कोणालाच नाही, म्हणून मशीन रीबूट करायला कोणी धजत नाही. युनिट फाइल दहा ओळींची असते, पण त्यात नाव असतं, काम असतं, कशानंतर सुरू करायचं ते असतं. ती मशीनला दिलेली आज्ञा आहेच, शिवाय तुमच्या जागी येणाऱ्या माणसाला लिहिलेली चिठ्ठीही आहे. मागे काही ठेवून जाणार असाल, तर निदान त्याचा वाली कोण ते लिहून जा.

आजच्यापुरतं एवढंच. पुढच्या भागात क्रॉनकडे वळू. वेळेवर काम करणाऱ्या त्या डेमनचीही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. भेटू.